अरुंधती दिसली का?

२०२३ सालच्या वैशाखात माझ्या भाचीचे लग्न वाशीच्या एका सभागृहात झाले. गोरज मुहूर्त होता. मंगलाष्टके, होम, सप्तपदी असे सारे विधी यथासांग पार पडले, आणि रात्री नवाच्या सुमारास गुरुजींनी वधूवरांना उभे करून सांगितले, "आता ध्रुवदर्शन आणि अरुंधतीदर्शन. वर बघा."

दोघांनी वर पाहिले. वर झुंबर होते. झुंबराच्या पलीकडे थंड हवा सोडणारी एक जाळी होती, आणि गुरुजींचे बोट साधारण त्या जाळीच्या रोखाने होते. ती दिशा नैर्ऋत्य होती. कोणत्याही इमारतीत शिरताना तिची उत्तर कुठे हे मनाशी ठरवून टाकण्याची मला तीस-पस्तीस वर्षांची खोड आहे, म्हणून हे माझ्या ध्यानात आले. एरवी तिथे कोणालाच त्याची गरज नव्हती.

"दिसली का?" गुरुजींनी विचारले. जावई तत्परतेने म्हणाले, "दिसली." भाची मात्र गप्प. तिने मान वळवून माझ्याकडे पाहिले. पंगत खोळंबली होती, छायाचित्रकार खोळंबला होता, आणि ताईची नजर आता हे काय नवीन अशी माझ्यावर रोखलेली. मी भाचीच्या मागेच उभा होतो. हळूच म्हणालो, "दिसली म्हण."

ती म्हणाली, "दिसली."

झाले ते एवढेच. लग्नात याहून मोठ्या थापा सर्रास चालतात आणि कोणाचे काही बिघडत नाही. मुलाच्या पगारापासून मुलीच्या स्वयंपाकापर्यंत जे जे सांगितले जाते, त्याच्या हिशोबात अरुंधती कुठल्या कोपऱ्यात बसणार? पण मला ते लागले, आणि त्याचे कारण सांगायचे तर एकोणीस वर्षे मागे जावे लागेल.

२००४ सालच्या हिवाळ्यात नेरुळला आमच्या गच्चीवर मी सोसायटीतली आठ-दहा मुले जमवली होती. भाची तेव्हा आठ वर्षांची. माझ्यापाशी एक साधी द्विनेत्री दुर्बीण होती आणि तिच्या जोरावर मी स्वतःला आकाशनिरीक्षक म्हणवून घेत असे. मुलांना कृत्तिका दाखवल्या आणि विचारले, "मोजा पाहू, किती दिसतात?" एकाने सात सांगितल्या. त्याबरोबर सगळ्यांना सात दिसू लागल्या. एका चुणचुणीत मुलाला तर आठ दिसल्या. वास्तविक चांगल्या डोळ्यांना चांगल्या आकाशात साधारण सहा दिसतात, आणि नेरुळच्या आकाशात त्या काळीही चार-पाचांच्या पुढे मजल जात नसे. सात हा आकडा पुस्तकातला. भाची शेवटी म्हणाली, "मामा, मला एकपण सुटी दिसत नाही. नुसता पुसटसा ढग दिसतो." मुले हसली. मी मात्र सर्वांदेखत तिची पाठ थोपटली आणि म्हणालो की आज इथे खरे निरीक्षण एकीनेच केले. पुढच्याच आठवड्यात ताईने तिला डोळ्यांच्या डॉक्टरांकडे नेले. तिला चष्मा लागला. वर्गातल्या फळ्यावरचेही तिला दिसत नव्हते, आणि ते तिने कोणाला सांगितले नव्हते. कारण सगळ्यांना दिसते म्हणजे आपल्यालाही दिसत असणार, असा तिने समज करून घेतला होता.

त्याच मुलीला, तिच्या लग्नात, मीच मागून पढवले की दिसली म्हण. (आणि तेही फोटोसाठी चष्मा काढून ठेवलेला असताना!)

जेवणे झाल्यावर मी गुरुजींना गाठले. माणूस विद्वान आणि विनोदी. मी माझी शंका मांडताच ते म्हणाले, "अहो मामा, दुपारच्या लग्नातसुद्धा आम्ही अरुंधती दाखवतोच की! सूर्य डोक्यावर आला म्हणून ती काय नाहीशी होते? आहे ना ती? मग दिसली म्हणायला हरकत कसली?"

हा युक्तिवाद वरवर दिसतो तितका पोकळ नाही. मी आणखी पुढे जाऊन त्यांना असे सांगितले की मार्गशीर्षातल्या संध्याकाळच्या लग्नात तर सप्तर्षी क्षितिजाच्या खाली असतात, तेव्हा बोट जमिनीकडे दाखवायला हवे. ते मनमोकळेपणे हसले आणि म्हणाले, "दाखवू की. यजमानांची फरशी चांगली असली म्हणजे झाले."

मी बाहेर येऊन रस्त्याच्या कडेला उभा राहिलो. पश्चिमेला शुक्र झळझळत होता. त्याला कोणाच्या दिव्यांची पर्वा नसते. उत्तरेकडे सप्तर्षी बरेच वर आले होते. शेपटीच्या तीन ताऱ्यांतला मधला तो वसिष्ठ, तोही थोड्या प्रयासाने सापडला. त्याला खेटून असलेली अरुंधती मात्र काही केल्या दिसेना. डोळ्यांवर हाताची आडोशी धरली, सभागृहाच्या रोषणाईकडे पाठ केली, डोळे मिटून पुन्हा उघडले. व्यर्थ. वसिष्ठ दुसऱ्या प्रतीचा तारा, अरुंधती चौथ्या प्रतीची. वाशी-नेरुळच्या आकाशात तिसऱ्या प्रतीच्या पलीकडचे फारसे काही नुसत्या डोळ्यांना उरलेले नाही.

आपल्याकडे 'अरुंधतीदर्शनन्याय' म्हणून एक न्याय आहे. बारीक तारा एकदम दाखवता येत नाही. म्हणून आधी शेजारचा ठळक तारा दाखवायचा, नजर तिथे स्थिरावली की म्हणायचे, आता त्याच्या अगदी जवळ पाहा. स्थूलाकडून सूक्ष्माकडे नेण्याची ही रीत वेदान्ताच्या ग्रंथांतून वारंवार येते. ज्याने कोणी हा दृष्टान्त प्रथम योजला, त्याने तो अंगणात उभे राहून योजला असणार. नव्या मुंबईत हा न्याय अर्ध्यावरच थांबतो. स्थूल तेवढे दिसते.

जुन्या वैद्यकग्रंथांत आणखी एक गोष्ट आहे. ज्याला अरुंधती दिसेनाशी होते त्याचे आयुष्य सरत आले, असे एक अरिष्टलक्षण त्यांत सांगितले आहे. त्या हिशोबाने बेलापूरपासून ऐरोलीपर्यंतची सारी वस्ती गतायुषी म्हणावी लागेल! पण ते लक्षण लिहिणाऱ्या वैद्याने काय गृहीत धरले होते, ते पाहण्याजोगे आहे. अरुंधती न दिसणे हा पाहणाऱ्याच्या डोळ्यांचा दोष असणार, आकाशाचा असणे शक्य नाही, हे त्याला इतके उघड वाटले की त्याने ते लिहिलेसुद्धा नाही.

मी १९८६ साली नेरुळला राहायला आलो. सिडको १९७० मध्ये स्थापन झाली, पण माझ्या येण्यापर्यंत नवी मुंबई हे नाव नकाशावर जितके होते तितके जमिनीवर नव्हते. संध्याकाळी पारसिकच्या डोंगरामागे अंधार खरोखर उतरत असे. खाडीकडच्या बाजूला मिठागरे, आणि त्यांच्या पलीकडे मुंबईचा लालसर उजेड. त्याच वर्षी हॅलेचा धूमकेतू आला. त्याची वर्तमानपत्रांतून इतकी जाहिरात झाली होती की प्रत्यक्षात दिसलेला फिकट बोळा पाहून पुष्कळांनी कपाळाला हात लावला. माझे मात्र तेव्हापासून वेड सुरू झाले. त्याच सुमारास मुंबईत खगोल मंडळ सुरू झाले होते. पुढे त्यांच्या वांगणीच्या रात्रभराच्या कार्यक्रमांना मी जाऊ लागलो. पुण्याच्या ज्योतिर्विद्या परिसंस्थेची परंपरा तर १९४४ पासूनची. या मंडळींत बँकेतले कारकून, शाळामास्तर, कारखान्यातले फिटर अशी माणसे भेटत, आणि पहाटे तीन वाजता चहाच्या कपाला हात शेकत ती मृगातल्या तेजोमेघाबद्दल अशा जिव्हाळ्याने बोलत की जणू तो त्यांचा आतेभाऊ.

त्या मंडळींकडून मी ताऱ्यांची नावे शिकलो. ती पुस्तकातूनही शिकता आली असती. न दिसलेले दिसले म्हणायचे नाही, हे मात्र त्यांच्याचकडून शिकलो. हौशी निरीक्षकाला साक्षीदार नसतो. तो रात्री एकटा उभा असतो, वहीत एक आकडा लिहितो, आणि तो आकडा खरा की खोटा हे दुसरे कोणीही कधीही तपासू शकत नाही. कारण ती रात्र पुन्हा येत नाही. राधागोविंद चंद्र नावाचे एक बंगाली गृहस्थ होते. जन्म १८७८ सालचा, जेसोर भागातला. मॅट्रिकच्या परीक्षेत तीनदा नापास झालेले, सरकारी खजिन्यात नाणी मोजायच्या नोकरीवर. त्यांनी रूपविकारी ताऱ्यांच्या, म्हणजे ज्यांचे तेज कमीजास्त होते अशा ताऱ्यांच्या, सदतीस हजारांहून अधिक नोंदी केल्या आणि त्या अमेरिकेतल्या निरीक्षकांच्या संस्थेला पाठवल्या. त्या संस्थेने १९२६ साली त्यांच्यासाठी सहा इंची दुर्बीण धाडली. सदतीस हजार वेळा हा मनुष्य एकटा होता, आणि सदतीस हजार वेळा काहीही लिहिले असते तरी खपले असते. दिवसभर सरकारची नाणी मोजणाऱ्याला कोणी तपासनीस तरी असतो.

अशा नोंदी करणाऱ्यांत एक शिस्त पाळतात. आजचा अंदाज लिहिण्याआधी कालचा आकडा पाहायचा नाही. पाहिला की डोळा त्याच्या मागे जातो. हे मला माहीत होते, आणि तरी मी त्यात पडलो. २०१९ च्या डिसेंबरात बातमी आली की मृगातला काक्षी हा तांबडा तारा मंदावतो आहे. मी त्या रात्री गच्चीवर गेलो आणि मला तो स्पष्ट मंद दिसला. वहीत तसे लिहिले. मग सहज मागची पाने चाळली. दोन आठवडे मी रोज मृग पाहत होतो आणि काक्षीबद्दल एक अक्षरही लिहिलेले नव्हते! बातमीने मला जे दाखवले ते तोवर माझ्या डोळ्यांनी दाखवले नव्हते. २०२० च्या फेब्रुवारीत तो इतका उतरला की मृगातल्याच दुसऱ्या खांद्याच्या ताऱ्याच्या बरोबरीला आला. तेव्हा मात्र कोणी सांगायची गरज नव्हती. पण डिसेंबरातल्या त्या नोंदीपुढे मी आजही प्रश्नचिन्ह ठेवले आहे. ती खोटी आहे असे नाही. ती माझी आहे की वर्तमानपत्राची, हे मला सांगता येत नाही.

आता गुरुजींच्या प्रश्नाकडे येतो. ती आहे ना, मग दिसली म्हणायला हरकत कसली? प्रामाणिकपणे पाहिले तर माझे बहुतेक ज्ञान गुरुजींच्याच जातीचे आहे. वसिष्ठ-अरुंधती आपल्यापासून ऐंशीहून थोडी अधिक प्रकाशवर्षे दूर आहेत, हे मी मोजलेले नाही. वसिष्ठ हा एक तारा नसून दोन आहेत, हे १६१७ मध्ये गॅलिलिओ आणि त्याचा शिष्य कास्तेल्ली यांनी दुर्बिणीतून पाहिले. त्या दोहोंतला एक पुन्हा जोडतारा आहे, हे हार्वर्डच्या पिकरिंगने १८८९ मध्ये वर्णपटावरून ओळखले. पुढे दुसऱ्याचेही तसेच निघाले. आणि अरुंधतीला स्वतःचा एक क्षीण सोबती आहे हे तर २००९ मध्ये कळले. म्हणजे ज्या एका दांपत्याचा दाखला नववधूला द्यायचा, ते एकूण सहा जणांचे एकत्र कुटुंब निघाले. हे सर्व मी मुलांना रंगवून सांगतो. यातले दुर्बिणीत दिसणारे वसिष्ठाचे दोन तारे सोडले तर मी स्वतः काही पाहिलेले नाही. विश्वासावर बोलतो.

विश्वासावर बोलण्यात मला पाप वाटत नाही. त्यावाचून कोणाचा संसार चालेल? मला खटकते ते एकाच ठिकाणी. 'आहे' म्हणताना मी दुसऱ्याच्या सांगण्यावर उभा असतो, आणि ऐकणारालाही ते ठाऊक असते. 'दिसली' म्हणताना मी माझी साक्ष काढतो. ती साक्ष एकदा स्वस्त झाली की पुढे कशासाठी राखून ठेवायची? फळ्यावरचे न दिसणारी ती आठ वर्षांची मुलगी मला आठवते. वर्गात सगळे 'दिसते' म्हणत होते, म्हणून तीही म्हणत होती.

आणि इथे माझ्या मनात दिव्यांचा प्रश्न येतो. माझी आजी शाळेत गेली नव्हती. सप्तर्षींना ती बाजले म्हणे, आणि शेपटीच्या ताऱ्यांना ते बाजले चोरून नेणारे तीन चोर. मधल्या चोराच्या खांद्यावर एक बारकी ठिणगी आहे, हे तिला कोणी शिकवले असेल. पण शिकवणाऱ्यावर विसंबून राहणे तिला भाग नव्हते. ती अंगणात जाई आणि पाही. शास्त्रीबुवांनी सांगितलेल्या हजार गोष्टी तिला पडताळता येत नव्हत्या, परंतु ही एक येत होती, तीही फुकट, आणि शास्त्रीबुवांच्या इतकीच चांगली. आज माझ्या भाचीपाशी एम. एस्सी.ची पदवी आहे, आणि अरुंधतीच्या बाबतीत तिला एक तर गुरुजींवर नाही तर माझ्यावर विश्वास ठेवावा लागतो, किंवा वांगणीचे तिकीट काढावे लागते. जगभरच्या हौशी लोकांनी २०११ ते २०२२ या काळात घेतलेल्या पन्नास हजारांहून अधिक नोंदींचा अभ्यास २०२३ च्या आरंभी प्रसिद्ध झाला. रात्रीचे आकाश दरसाल सरासरी साडेनऊ टक्क्यांच्या आसपास उजळते आहे, असे त्यात निघाले. जिथे मूल जन्मले तेव्हा अडीचशे तारे दिसत, तिथे ते अठरा वर्षांचे होईतो शंभर उरतील, असा त्याचा हिशोब. त्या नोंदी बहुतेक युरोप-अमेरिकेतल्या आहेत. नेरुळची नोंद माझ्या वह्यांत आहे, आणि ती याहून सुखाची नाही. पिवळे दिवे होते तोवर बरे होते म्हणायची पाळी आली. पांढऱ्या दिव्यांतला निळा अंश हवेत अधिक विखुरतो, आणि खाडीवरच्या दमट हवेत तर सारे आकाश दुधट होऊन जाते.

पण दिव्याविरुद्ध बोलताना जीभ सैल सोडू नये, हेही मी शिकलो आहे. आमच्या इमारतीच्या मागच्या वाटेवर सोसायटीने एक मोठा झोताचा दिवा लावला होता. माझी गच्ची त्याने पार धुऊन निघाली. मी तक्रार केली, आणि माझ्या वयाकडे पाहून चार दिवस तो बंद ठेवण्यात आला. पाचव्या दिवशी, आमच्याकडे आणि आणखी तीन घरी स्वयंपाक करणाऱ्या बाईंनी मला जिन्यात थांबवले. त्या रात्री साडेदहाला त्या वाटेने घरी जातात. म्हणाल्या, "काका, तुमचे तारे काय कुठं पळून जात नाहीत. वाटेवर दोन कुत्री असतात आणि कधीमधी माणसंपण असतात." मला उत्तर सुचले नाही. उत्तर नव्हतेच. ज्याला अंधाराची भीती नाही त्यानेच अंधाराची मागणी करणे सोपे असते. दिवा पुन्हा लागला. पुढे आमच्या वायरमनने त्याला पत्र्याची एक टोपी करून खाली वळवला, आणि बाईंच्या म्हणण्याप्रमाणे आता वाट आधीपेक्षा चांगली दिसते, कारण डोळ्यांत उजेड जात नाही. माझी गच्चीही थोडी सावरली. हमरस्त्यावरच्या जाहिरातींच्या फलकांना अशी टोपी कोण घालणार, ते मात्र मला ठाऊक नाही. तिथून कोणी बाई रात्री साडेदहाला तो फलक वाचत घरी जात असेल असे वाटत नाही.

लग्नानंतरच्या पहिल्या दिवाळीला भाची आणि जावई दिवाळसणासाठी ताईकडे, म्हणजे आमच्याच सोसायटीत आले. त्या वर्षी नरकचतुर्दशी १२ नोव्हेंबरला होती. दिवाळी इतकी उशिरा आली की पहाटे पाचच्या सुमारास सप्तर्षी ईशान्येला चांगले वीसएक अंश वर आलेले असतात. लग्नातले ते 'दिसली' माझ्या मनात होतेच. आदल्या रात्री मी भीतभीतच विषय काढला. "अभ्यंगस्नानाआधी दहा मिनिटे गच्चीवर याल का?" जावई हसून म्हणाले, "मामा, तेव्हापासून मलाही चुटपुट आहे. मी तर झुंबराकडे बघत होतो."

पहाटे सव्वापाचला तिघे वर गेलो. खालून उटण्याचा आणि तेलाचा वास येत होता. ताई जिन्यातून हाका मारीत होती की फटाके सुरू व्हायच्या आत आंघोळी झाल्या पाहिजेत. पूर्वेला शुक्र होता. धुरकट हवेतून सप्तर्षींचे बाजले हळूहळू जुळून आले. मी वसिष्ठ दाखवला. जावई बराच वेळ टक लावून होते. मी काही बोललो नाही. या वेळी पढवायचे नाही असे ठरवूनच आलो होतो.

"नाही," ते शेवटी म्हणाले. "एकच आहे."

भाचीने चष्मा पुसला, पुन्हा लावला, आणि तिलाही दिसेना. मग मी जुनी द्विनेत्री दुर्बीण पुढे केली. तिने चष्मा काढून माझ्या हातात दिला, कठड्याला कोपरे टेकली आणि चाकाशी खटपट करीत राहिली. खालून ताईची तिसरी हाक आली.

"आहे!" ती म्हणाली. "खालच्या बाजूला, बारीक. आणि हो, अगदी सुटी आहे." मग दुर्बीण नवऱ्याच्या हातात देत ती माझ्याकडे वळली. "मामा, वही आणलीये ना? लिहा मग. नुसत्या डोळ्यांनी दोघांनाही नाही. दुर्बिणीतून मला दिसली. याचं तो बघितल्यावर सांगेल."